गंजलेली येझदी आणि बाबूराव मेस्त्री

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एका थोर व्यक्तीवर लेख असतोच. तो कोणी वाचत नाही हेही आपल्या सगळ्यांना माहीत असतं! त्यामुळे संपादकांनी माझ्याकडे चरित्रात्मक लेख मागितला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच विषय होता, तो म्हणजे आमची येझदी. पण त्या येझदीनेच मला शेवटी एका माणसापर्यंत नेऊन पोचवलं. म्हणून हा लेख.

आधी येझदीबद्दल. कसबा बावड्यात आम्ही चौघे ज्या काकूंकडे जेवायला जातो, त्यांच्या मागच्या शेडमध्ये ही गाडी पडून होती. काकांची गाडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. आपल्या राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. त्या पाण्यात गाडी कित्येक दिवस बुडून राहिली. पुढे काका वारले आणि गाडीला कोणी हात लावला नाही. यंदा काकूंनी ती भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. आम्ही मागितली. काकूंनी पैसे घेतले नाहीत, फक्त एवढंच सांगितलं की चालू झाली तर एकदा आवाज ऐकवा.

आम्हाला वाटलं, महिन्याभराचं काम! २५० सीसी, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. किकचा आणि गिअरचा लिव्हरसुद्धा एकच. पुस्तकात याहून सोपं इंजिन नाही. पण पुस्तकातल्या इंजिनाला गंज लागत नाही हे आम्ही विसरलो होतो. पिस्टन सिलिंडरमध्ये असा बसला होता की जणू दोन्ही एकाच वेळी ओतले असावेत. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं, तेव्हा कुठे तो केसभर हलला.

मग एकेक गोष्ट कळायला लागली. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती पेटी नाही, तो एक पंप आहे. पिस्टन वर जाताना पेट्रोल, ऑईल आणि हवेचं मिश्रण खाली ओढलं जातं, आणि पिस्टन खाली येताना तेच दाबून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँकच्या टोकांची साधी रबरी सीलं गेली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या सीलमुळे सगळं इंजिन जातं! म्हैसूरचा मूळ कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा आणि येझदी ही नावं २०१८ आणि २०२२ मध्ये परत आली, पण त्या नव्या फोर-स्ट्रोक गाड्या. त्यांचं काहीच आमच्या गाडीला बसत नाही. काही पार्ट मिळाले, एक बुश मात्र कुठेच मिळेना.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. जुना झिजलेला बुश हातात देऊन सांगितलं, असाच्या असा बनवून द्या. मिस्त्रींनी तो फिरवून बघितला आणि विचारलं की असा म्हणजे झिजलेला का, की झिजायच्या आधी होता तसा? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग ते म्हणाले की कॉपी करायला अक्कल लागत नाही, पार्ट काय काम करतो ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि याच गावात एका मेस्त्रीनं शंभर वर्षांपूर्वी तसा आख्खा सिनेमाचा कॅमेरा बनवला. आम्ही विचारलं, कोण? त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी लाज वाटते.

ते मेस्त्री म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर. मला ते सिनेमाचे डायरेक्टर म्हणून ऐकून माहीत होते. पण त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे माहीत नव्हतं. पेंटर हे आडनाव त्यांना कामाने मिळालं. त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी त्यांच्याबद्दल वाचायला सुरुवात केली आणि सबमिशनच्या आठवड्यात सबमिशन सोडून तेच वाचत बसलो.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव कसबी कारागीर. घरातच लाकूड, धातू, रंग आणि माती. शाळेचं शिक्षण फारसं झालं नाही. आपण चार वर्षं वर्कशॉपचे जॉब करतो, फायलिंग करताना वैतागतो आणि मार्क मिळाले की विसरतो. बाबूरावांचं तेच बालपण आणि तेच कॉलेज. चित्रकलाही ते कुठल्या आर्ट स्कूलमध्ये शिकले नाहीत.

त्यांच्याबरोबर होते आनंदराव, नात्यातले भाऊ. ही जोडी नाटकांचे पडदे रंगवायची. तो काळ संगीत नाटकांचा. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी या दोघांनी रंगवलेले पडदे गाजले. सपाट कापडावर महाल, जंगल, रस्ता असा उभा करायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्यात चालत जावंसं वाटलं पाहिजे. पोट चांगलं भरत होतं, नाव झालं होतं. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं.

पण १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला. आपले देव, आपली माणसं पडद्यावर हलताना बघून या दोघांना एकच गोष्ट सुचली: हे आपणही करायचं. कसं करायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला. आधी त्यावर सिनेमे दाखवले. पण खरा उद्देश वेगळा होता. यंत्र आतून कसं चालतं ते बघायचं आणि त्यावरून कॅमेरा बनवायचा!

आता इथे आपण इंजिनिअर म्हणून जरा थांबू. प्रोजेक्टर आणि कॅमेरा हे वरून भाऊभाऊ वाटतात. दोघांतही ३५ मिलिमीटरची फिल्म. दोघांतही फिल्म सरळ धावत नाही. ती थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं. हाताने हँडल फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे, प्रत्येक फेऱ्याला आठ चित्रं. त्या काळच्या बहुतेक प्रोजेक्टरमध्ये हे थांबत-थांबत सरकणं जिनिव्हा मेकॅनिझमने व्हायचं. हो, तोच जिनिव्हा, जो आपण थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरमध्ये आकृती पाठ करून काढतो. कॅमेऱ्यात बहुधा एक छोटा पंजा फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतो, फिल्म एक घर खाली ओढतो आणि मागे सरतो. फिल्म सरकत असताना शटर बंद पाहिजे, थांबली की उघडं. अर्धवर्तुळाची चकती धरली तर प्रत्येक चित्राला प्रकाश मिळतो सेकंदाचा बत्तिसावा भाग.

आणि इथे चूक चालत नाही. मी मेसच्या टेबलावर गणित केलं. फिल्मवरचं चित्र २४ मिलिमीटर रुंद. ते वीस फुटी पडद्यावर टाकलं तर जवळजवळ अडीचशे पट मोठं होतं. म्हणजे फिल्म फक्त ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर पडद्यावर चित्र एक इंच थरथरणार. प्रोजेक्टर थरथरला तर तो नीट करून उद्या परत खेळ लावता येतो. कॅमेरा थरथरला तर शूटिंग कायमचं बिघडलं. शिवाय पेटी अशी पाहिजे की सुईएवढाही उजेड आत येता कामा नये. आपण सीएनसीवर टॉलरन्स देतो आणि चहा प्यायला जातो. इथे साधा लेथ, कानस आणि डोळा. लेन्स आणि कच्ची फिल्म मात्र बाहेरच्या देशातली, कारण ती इथे बनतच नव्हती. वरून पहिलं महायुद्ध चालू, त्यामुळे तीही मिळायची मारामार.

काम पुढे सरकत असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

खरं सांगतो, वाचताना मी इथे अडकलो. ज्या माणसाबरोबर पडदे रंगवले, प्रोजेक्टर आणला, स्वप्न बघितलं, तो गेला आणि यंत्र अर्धवट. टेबलावर सुटे भाग पडलेले. आपला प्रोजेक्ट पार्टनर सेमिस्टर ड्रॉप करतो तरी आपण प्रोजेक्ट बदलायला गाईडकडे धावतो. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले हा हुशार शिष्य त्यांच्याबरोबर होता. दोघांनी मिळून ते पुढे नेलं आणि १९१८ पर्यंत कॅमेरा तयार झाला. देशी बनावटीचा पहिला सिने कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो. तो बनला कोल्हापुरात, मेस्त्रींच्या हातांनी.

मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका गायिकेने एका पेंटरच्या घरगुती कॅमेऱ्यावर पैसे लावले! आजच्या भाषेत एंजल इन्व्हेस्टर. काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी गावात कलावंत आणि कारागीर दोघांनाही मोठं केलं होतं, त्या मातीतच हे झालं.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री. १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. गोष्ट महाभारतातली, कीचकवधाची. कीचक झाले झुंझारराव पवार आणि भीम झाले बाळासाहेब यादव. बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. त्या काळात सिनेमात काम करणं बाईला किती महाग पडायचं याची कल्पना करा. फाळक्यांना सुरुवातीला तारामतीच्या भूमिकेसाठी पुरुष घ्यावा लागला होता. सैरंध्रीतलं कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की लोक घाबरले आणि शेवटी ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले.

बाबूराव एकदा यश मिळालं म्हणून तेच परत करत बसणारे नव्हते. प्रत्येक चित्रपटात ते काहीतरी बदलायचे. नाटकासारखा रंगवलेला मागचा पडदा काढला आणि खोली असलेले खरे सेट उभे केले. विचार करा, पडदे रंगवण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं, त्यानेच पडदा काढून टाकला! शूटिंगच्या आधी दृश्यांची आणि कपड्यांची चित्रं काढायचे. पोस्टर स्वतः रंगवायचे. १९२३ च्या सिंहगडमध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. तोपर्यंत आपल्याकडे शूटिंग म्हणजे उन्हावर अवलंबून. १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात त्यांच्या कल्याण खजिना या चित्रपटाला पदक मिळालं.

आणि १९२५ मध्ये सावकारी पाश. ना. ह. आपट्यांची कथा. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक शेतकरी, त्याची जमीन, कर्ज आणि सावकार. जमीन जाते आणि तो मुंबईच्या गिरणीत मजूर होतो. जगात सिनेमा अजून बोलायला लागला नव्हता, तेव्हा कोल्हापुरात हे दाखवलं गेलं. तरुण शेतकरी झाला होता कंपनीतला एक मुलगा, जो आधी हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. नाव शांताराम. हेच पुढचे व्ही. शांताराम.

बाबूरावांच्या कंपनीत माणसं घडली ती अशीच. तिथे कोणी एकच काम करत नव्हतं. झाडू मारायचा, सेट ठोकायचा, फिल्म धुवायची, वेळ आली तर तोंडाला रंग लावून उभं राहायचं. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर सगळे तिथेच शिकले. आणि शिकले म्हणूनच एक दिवस बाहेर पडले. १ जून १९२९ ला या चौघांनी सीताराम कुलकर्णींबरोबर प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही कोल्हापुरातच. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिचा संत तुकाराम, जो दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्या दामल्यांनी बाबूरावांबरोबर कॅमेऱ्याचे भाग जुळवले, तेच हे दामले.

गुरूचं काय झालं? सिनेमा बोलायला लागला. मूकपटासाठी घडवलेली सगळी घडी जुनी झाली. शिष्य गेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. जो माणूस यंत्र बदलत आला, त्याला यंत्रानेच मागे टाकलं. हे वाचताना मला टू-स्ट्रोकची आठवण झाली. काल ज्याच्यामागे जग धावतं ते उद्या शेडमध्ये पडतं. बाबूरावांनी नंतर बोलपटही केले. उषा, पुन्हा एकदा सावकारी पाश, प्रतिभा. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमलसाठी लोकशाहीर रामजोशी. गुरू शिष्याच्या कंपनीत काम करतो, ही गोष्ट सोपी नसणार. पण आधीचा दबदबा परत आला नाही. त्यांनी पुन्हा ब्रश आणि माती जवळ केली. आपण बसमधून उतरताना शिवाजी चौकात महाराजांचा जो अर्धपुतळा बघतो, तो बाबूरावांच्या हातचा. मी किमान शंभर वेळा त्याच्यासमोर वडापाव खाल्ला असेल, कधी विचारलं नाही कोणी घडवला.

१६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले. त्यांच्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ती सडते, पेट घेते. ज्या चित्रांसाठी ०.१ मिलिमीटरची झुंज दिली ती चित्रं गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. मी परवा मुद्दाम गेलो होतो. ट्रॅफिकमध्ये लोक त्याला वळसा घालून जात होते. मीही आधी तसाच जायचो.

आता येझदी. आमच्यात मोठं भांडण चाललं होतं. दोघांना कॅफे रेसर बनवायची होती, छोटी सीट, खाली हँडल, मडगार्ड कापून. दोघांना जशी होती तशी. हे भांडण मिटवायला बाबूरावच उपयोगी पडले. त्यांनी प्रोजेक्टर तसाच पूजेला ठेवला नाही आणि दिसेल ते कापलंही नाही. आधी समजून घेतलं, मग गरज होती तिथे बदललं. आम्ही तसंच ठरवलं. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घातली, कारण जुन्या दिव्यात रात्री शिये नाक्याकडचा खड्डा दिसला नसता. क्रँकला नवे बेअरिंग आणि सील. सिलिंडर बोअर करून एक साईज मोठा पिस्टन. बुश मिस्त्रींनी बनवला, झिजायच्या आधी होता तसा. सीट मात्र लांबचीच ठेवली. त्या सीटवर काका आणि काकू दोघं बसून जोतिबाला जायचे, हे कळल्यावर छोट्या सीटचा विषय कोणी काढला नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी काकूंच्या दारात गाडी उभी केली. पेट्रोलमध्ये ऑईल मोजून घातलं. पंधरा किकला काही नाही. सोळाव्या किकला एक फुसका आवाज, मग पांढरा धूर, आणि मग तो आवाज. ज्यांच्या घरी येझदी होती त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी नव्हती त्यांना सांगता येणार नाही. शेजारची माणसं बाहेर आली. काकू दारातच उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आत गेल्या आणि आमच्यासाठी चहा टाकला.

रंग अजून बाकी आहे. एक सायलेन्सर गळतो. इंजिन गार असताना जरा त्रास देतं. म्हणजे प्रोजेक्ट कंप्लीट म्हणता येणार नाही. पण आता उद्यमनगरात गेलो की ते लेथवाले मिस्त्री आमच्याकडे मागच्यासारखं बघत नाहीत.

आपल्या डिग्रीवर इंजिनिअर लिहून येईल. या गावात त्याआधी एक शब्द होता, मेस्त्री. पुढच्या वेळी शिवाजी चौकातून जाल तेव्हा वडापाव खाताना जरा मान वर करून बघा, एवढंच.